आधीचा फोटो

११ नोव्हेंबर, सोमवार

घरात कुणीतरी राहतं आहे, हे नेमकं कशावरून कळतं? सकाळपासून विचार करते आहे आणि मला उत्तर देता येत नाही.

प्रश्न कामाचा आहे. सागरदादा रत्नागिरीत जागांची खरेदी-विक्री करून देतो आणि त्याच्या फ्लॅटांचे फोटो मी काढते. त्याचं एकच म्हणणं, "फोटोत घर दिसू दे, माणूस नको. बघणाऱ्याला वाटलं पाहिजे, हे माझीच वाट बघत थांबलंय." म्हणून मी देवाचं कॅलेंडर उतरवते, बेसिनवरचे ब्रश लपवते, दारामागचे कपडे पलंगाखाली ढकलते. तरी काही खोल्यांत कुणीतरी उरतंच. काय उरतं ते सापडत नाही.

हा माझा नववा फ्लॅट. आमच्या घरात पदवी मिळवणारी मी पहिली. मी बीएस्सी झाले तेव्हा बाबांनी मुंबईत ते वॉचमन आहेत त्या अख्ख्या बिल्डिंगीत पेढे वाटले. आये मात्र गावाहून फोनवर म्हणते, "फोटू काडायला येवडी वर्सां शाळा शिकलीस गो?" तिला अजून पटवता आलेलं नाही. पण मी स्वतःला सांगते की घर घेणारा माणूस आयुष्यात एकदाच घेतो, त्याला खरं दिसायला हवं. मी खोली आहे त्याहून मोठी दाखवत नाही. आणि दुसऱ्याच्या घरात काहीही हलवण्याआधी प्रत्येक खोलीचा मोबाइलवर एक फोटो घेते. त्याला मी 'आधीचा फोटो' म्हणते. काम झालं की तो बघून वस्तू जिथल्या तिथे. एक चमचासुद्धा इकडचा तिकडे नाही.

उद्या मुरुगवाड्यात जायचं आहे. सागरदादा म्हणाला, "सात ते नऊ घर रिकामं आहे. तेवढ्यात उरक. मालक बोटीवर असतो."

१२ नोव्हेंबर, मंगळवार

उरकलं. तिसरा मजला, गॅलरीतून समुद्राची एक पट्टी दिसते. किल्ली सागरदादाकडे होती. मालकाचे मोठे भाऊ महिपत यांनी दिली म्हणे.

आधीचे फोटो घेतले आणि हॉलपासून सुरुवात केली. वेळ थोडा म्हणून सागरदादा आतल्या खोल्यांतलं सामान हलवत होता. स्वयंपाकघरात आले तर ओट्यावर ताटलीत तेलाचा दिवा जळत होता. दिवा पेटता ठेवून, दार बंद करून लोक बाहेर कसे जातात? तो फ्रेममध्ये येत होता. मी खिडकीत ठेवला तर वाऱ्याने विझला. लगेच पेटवला. सागरदादा आला नि तो उचलून आत घेऊन गेला.

झोपायची खोली सर्वांत अवघड गेली. दारामागे पुरुषाचा एक निळा शर्ट. इस्त्रीचा, पण घड्यांवर धूळ. पलंगाच्या एका बाजूला मोबाइलचा चार्जर लावलेला, बटण चालू, मोबाइल नाही. त्याच बाजूला खिडकीखाली कपडे टाकायची जाळीची टोपली उलटी ठेवली होती. मी ती उचलून बाहेर ठेवली. दारातून एक फोटो घेतला. मग खिडकीच्या कोपऱ्यात कॅमेऱ्याचा स्टँड लावून दाराकडचे घेतले. तेवढ्यात ढग सरला, छान ऊन आलं, म्हणून पुन्हा दारातून घेतला. शेवटी आधीचा फोटो उघडून शर्ट, चार्जर, उलटी टोपली, सगळं होतं तसं ठेवलं. टोपलीचा तुटका कान भिंतीकडे होता, तो तसाच भिंतीकडे केला.

खोलीवर येऊन पाहते तर स्टँडच्या एका पायाचं रबर पांढरं झालेलं. भिंतीचा चुना सुटत असणार त्यांच्या. रबराच्या खाचांत बसला होता. जुन्या ब्रशने साफ केला.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

फोटो नीट करून पाठवले. फक्त झोपायची खोली जमत नव्हती. सगळं काढलेलं, पलंग, खिडकी, लादी, एवढंच. तरी ती खोली रिकामी दिसत नाही. कुणीतरी आत्ता उठून गॅलरीत गेलंय असं वाटतं. नम्रता, माझ्या खोलीत राहते ती, डबा खाता खाता वाकून म्हणाली, "ह्या खोलीत कोण आहे गं?" मी म्हटलं, कुणी नाही. ती म्हणाली, "मग मला उगाच का लाजल्यासारखं होतंय?"

खिडकीखाली लादीवर एक गोलसर चमक आली होती. पांढऱ्या लादीवर उन्हाची चमक येते कधी कधी. ती पुसून टाकली. मग बरं दिसलं.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

आज त्याच फ्लॅटवर पुन्हा गेले. सागरदादाला गॅलरीतून संध्याकाळचा समुद्र हवा होता. या वेळी दार एका बाईंनी उघडलं. वैष्णवीताई. माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठ्या. गळा मोकळा होता.

"फोटोवाली तूच? एवढीशी आहेस गो!" त्या म्हणाल्या. "भाऊजी म्हणाले, आम्ही हर्णैला गेलेलो तेव्हा घरातले फोटो काढून झालेत."

त्या कुठे गेल्या होत्या ते मला कुठे ठाऊक! मी नुसतं हो म्हटलं.

ऊन उतरायला वेळ होता. त्यांनी चहा केला आणि विचारल्याशिवाय सांगत गेल्या. नवरा विनीत मालवाहू जहाजावर. फेब्रुवारीत एका सकाळी तो जहाजावर कुठेच सापडला नाही. शोधलं, मग कंपनीचं पत्र आलं. देह नाही, काही नाही. सासरचे हर्णैचे, घरात तीन पिढ्या समुद्रावर. थोरल्यांनी ठरवलं की आता क्रिया उरकली पाहिजे. या महिन्यात दर्भाचा पुतळा करून सगळं केलं.

"मी मानायला तयार नव्हते," ताई म्हणाल्या. "घराची किल्ली त्याच्याकडे आहे ना. जाताना दर खेपेला घेऊन जायचा. म्हणायचा, मी आलो की तू उठून दार उघडायचं नाही, माझा मी येईन. नऊ महिने मी दाराला आतून कडी घातली नाही. नुसतं लॅच. शेजारीण म्हणायची, अगो, एकटी बाई, कडी घाल. कडी घातली तर किल्ली कशी चालेल?"

मी चहाचा कप हातात धरून बसले.

"भाऊजी म्हणत होते, घर विकून टाक, आमच्याजवळ येऊन राहा. चांगल्या मनाने म्हणत होते हो. पण विकलं की नवा मालक कुलूप बदलणार. म्हणून मी सासूबाईंना सांगितलं, दहाव्याच्या आदल्या संध्याकाळी पीठ ठेवा. त्याच्या निजायच्या जागेशी. खूण उमटली तर तो गेला हे मानेन. नाही उमटली तर वीस वर्षं वाट बघेन, मग मला कुणी काही सांगायचं नाही."

"मग?"

"दहाव्याच्या सकाळी समुद्रावरून क्रिया आटपून आलो, नि उघडून बघितलं." त्यांनी स्वतःचा अंगठा माझ्यासमोर धरला. "अंगठा टेकल्यासारखी खूण. आतल्या रेषासुद्धा दिसत होत्या गो. येऊन गेला तो. किल्लीशिवाय आला. त्या दिवसापासून मी कडी घालून झोपते. नि झोप लागते."

मी रसायनशास्त्राची पदवीधर. मला हसू यायला हवं होतं, निदान मनात तरी. आलं नाही. ताईंनीच उठून गॅलरीतल्या दोरीवरचे कपडे काढले, मला विचारलं, "अजून काय काय काढायचं?" आणि समुद्राचा फोटो फार सुंदर आला. निघाले तेव्हा मागे दार बंद झालं आणि कडी सरकल्याचा आवाज जिन्यात घुमला. मला वाटलं, एका माणसाला शांती मिळाली आणि मी तिथे होते.

२० नोव्हेंबर, बुधवार

काम सुचत नाही. निळा शर्ट डोळ्यांसमोरून जात नाही. मीच तो दारामागून काढला होता आणि परत लावला होता. त्या वेळी बाही माझ्या मनगटावरून गेली होती.

आमच्या घरीही दारामागे खुंटीला बाबांची लुंगी असते. बाबा गणपतीला येतात आणि शिमग्याला. मधले महिने लुंगी तिथेच. आये ती धुते, वाळवते, पुन्हा खुंटीला लावते. लहानपणी मी ती बाहुलीच्या अंथरुणाला घेतली तेव्हा आयेने एकदाच मला मारलं होतं. कशाला मारलं ते तेव्हा कळलं नव्हतं.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

आयेचा फोन आला होता. भात झोडून झालं, उंदरांनी एक पोतं फोडलं, बाबांचा खोकला कमी आहे. मी सहज विचारलं, "आये, पीठ ठेवतात म्हणजे नेमकं काय गो करतात?"

"कुनाचा काय झाला?" ती घाबरली. कुणाचं नाही म्हटल्यावर सांगायला लागली. "तांदळाचा पीठ चाळून भुईवर पसरायचा. हाताचा डाग ठेवायचा नाय. वर टोपली पालथी घालायची, मांजार-बिंजार जाता नये म्हनून. नि बाजूला दिवा. तो इजू द्यायचा नाय. तुज्या आज्याच्या येळला गायीचा खूर उमटलेला."

"टोपली पालथी?"

"मग? उताणी घालून काय झाकणार?" आये हसली.

फोन ठेवला. मग मोबाइलमधला बारा तारखेचा आधीचा फोटो काढला. पलंग. शर्ट. चार्जर. खिडकीखाली उलटी जाळीची टोपली, आणि तिच्या शेजारी ताटलीत दिवा. सागरदादाने हलवण्याआधीचा. नऊ दिवस तो माझ्या मोबाइलमध्ये जळत होता. टोपली ठेवताना मी फक्त तिचा तुटका कान बघितला.

फ्लॅटमध्ये बांबूची टोपली कुठून असणार? जी होती ती घातली.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

काल लॅपटॉप उघडायचा धीर झाला नाही. आज उघडला.

मी पुसलेली चमक मूळ फोटोत आहे. मोठी करून पाहिली. ऊन नाही, पीठ आहे. पांढऱ्या लादीवर पांढरं पीठ, ताटाएवढं गोल. आणि त्यात एका कडेला एक गोल ठसा.

क्षणभर, खरं लिहायचं तर, आनंद झाला. वाटलं, माझ्या कॅमेऱ्यात विनीतची खूण आली आहे. हा फोटो ताईंना द्यायचा, त्या जन्मभर जपतील. मी तो काढून देण्यासाठी वेगळा करतसुद्धा होते.

मग पहिला फोटो आठवला. दारातून मी दोनदा फोटो घेतले, ढग असताना एकदा आणि ऊन आल्यावर एकदा. पहिल्याचा क्रमांक एकशे एकेचाळीस. त्यातही पीठ आहे, मंद दिसतं, पण दिसतं. गोल, सपाट, एकही डाग नाही. दुसऱ्याचा क्रमांक एकशे अठ्ठावन्न. त्यात ठसा आहे. मधल्या सोळा फोटोंच्या वेळी मी त्या कोपऱ्यात होते. मी आणि तीन पायांचा स्टँड.

उठून स्टँड उलटा केला. रबराच्या तळाला बारीक खाचा आहेत, एकात एक. अंगठ्याच्या रेषांसारख्या.

त्या दिवशी मी चुना म्हणून ब्रशने घासला तो.

२३ नोव्हेंबर, शनिवार

सोमवारी व्यवहार आहे. गिऱ्हाईक मिळालं, फोटो बघूनच आलं. ताई सोमवारी सही करणार.

सकाळी सागरदादाकडे गेले. त्याने ऐकून घेतलं, दार लोटलं आणि म्हणाला, "दिव्याचं मला ठाऊक होतं. पिठाचं नाय, आईशप्पत. महिपतभाऊ म्हणाले, ती घरात असताना फोटो काढू देणार नाय, म्हणून दहाव्याची सकाळ धरली, सगळी समुद्रावर गेलेली ती. तुला सांगितलं असतं तर तू आत पाय टाकला असतास?"

"नसता टाकला."

"म्हणून नाय सांगितलं. आता तू कुणाला सांगू नको."

"पण ती खूण माझी आहे, दादा."

"असू दे ना! त्या बाईने नऊ महिन्यांनी घास गोड मानून खाल्ला. भाऊ सांगत होते, पहिल्यांदा रडली, पोटभर. हे तू तिचं परत घेणार? तू फोटोवाली आहेस, भटजी नायस. फोटो काढलेस, झालं."

मला चिडता आलं नाही, कारण तो ओरडत नव्हता. काकुळतीला आला होता.

नम्रतालाही सांगितलं. तिने डब्याचं झाकण लावलं. मग म्हणाली, "तिला आत्ता कुठे झोप लागली आहे. तू जाऊन उठवणार?"

विनीत गेलाच असणार. नऊ महिने समुद्रात कोण राहतं? म्हणजे ताईंना जे वाटतं आहे ते खरंच आहे, फक्त पुरावा खोटा आहे. खऱ्या उत्तराला खोटा पुरावा जोडला तर काय बिघडलं? कॉलेजात प्रॅक्टिकलला सगळे तेच करायचे. मी कधी केलं नाही आणि त्याचा मला अभिमान होता. आता तो अभिमान तपासून बघते आहे. सांगावंसं वाटतं ते ताईंसाठी की माझ्या वहीच्या पहिल्या पानासाठी? तिथे मी लिहून ठेवलं आहे, आहे ते आहे तसं.

पण त्यांनी पैज लावली होती. खूण उमटली तर मानेन, नाही उमटली तर वाट बघेन. ती पैज त्यांची होती. मी मध्येच येऊन स्टँड टेकवला आणि त्यांच्या वतीने उत्तर देऊन निघून गेले. टोपलीही नीट झाकून.

२४ नोव्हेंबर, रविवार

सांगून आले.

आजच लिहायला हवं. नाहीतर उद्या मी त्यात चांगला उजेड घालीन.

दहा वाजता गेले. स्टँड बरोबर नेला होता. बेल वाजवली, आतून कडी काढल्याचा आवाज आला. हॉलमध्ये खोकी बांधलेली होती. महिपत गावात दोरी आणायला गेले होते. ताई म्हणाल्या, "ये ये, आता कसले फोटो राहिले?"

मी बसले नाही. उभ्यानेच सांगितलं. फोटो काढले त्या सकाळी तुम्ही हर्णैला नव्हता, समुद्रावर होता, तेव्हा मी इथे होते, मी टोपली उचलली, मला पीठ दिसलं नाही, आधीचा फोटो बघून ती परत झाकली. एकशे एकेचाळीस आणि एकशे अठ्ठावन्न, दोन्ही फोटो त्यांच्यासमोर धरले. त्यांनी फोटो पाहिले, पण त्यांना ते समजले असं वाटेना. त्यांनी स्टँडकडे बोट केलं.

"ह्याने?"

मी मान हलवली.

त्या आत गेल्या. डबा उघडल्याचा आवाज आला, मग चाळणीचा. चाळणीचा आवाज बराच वेळ येत होता. बाहेर आल्या तेव्हा हातात स्टीलचं ताट होतं आणि त्यात पीठ पसरलेलं. हाताचा एकही डाग न ठेवता. ताट जमिनीवर माझ्यासमोर ठेवून म्हणाल्या, "टेकव."

मी टेकवला. उचलला.

ताई गुडघ्यांवर बसून वाकल्या. इतक्या वाकल्या की श्वासाने पीठ हललं. खूण अंगठ्यासारखी होती. रेषासुद्धा.

"म्हणजे तो आला नव्हता," त्या म्हणाल्या.

"ते मला ठाऊक नाही, ताई. ही खूण माझी, एवढंच मला ठाऊक आहे."

त्या रडतील, मला मारतील, हाकलतील, असं मी वाटेत धरून चालले होते. त्यांनी ताट उचललं, पीठ पुन्हा डब्यात ओतलं, ताट धुतलं. मग मोबाइल घेतला. "भाऊजी, दोरी आणू नका. नाही. नाही, बरी आहे मी. उद्या येणार नाही सहीला." पलीकडून महिपत मोठ्याने बोलत होते, मग हळू, मग विनवत होते, ते मला ऐकू येत होतं. ताई म्हणाल्या, "ठेवते," आणि ठेवला.

माझ्याकडे वळून विचारलं, "चहा घेणार?" मी नको म्हटलं. त्या म्हणाल्या, "खोक्यातलं काय कुठे होतं ते आता मला कळणार नाही. तुझ्याकडे तो फोटो असेल ना, आधीचा?"

होता. तो बघून आम्ही दोघींनी झोपायची खोली लावली. चार्जर पलंगाच्या त्याच बाजूला, बटण चालू. शर्ट शेवटी. तो त्यांनी झटकला नाही.

"आता तू जा," त्या म्हणाल्या. रागाने नाही. पण पुन्हा ये असंही म्हणाल्या नाहीत.

मी बाहेर पडले. मागे दार लागलं, लॅचचा खट् आवाज झाला. मी दोन पायऱ्या उतरून थांबले. स्टँड छातीशी धरून ऐकत राहिले. खालच्या मजल्यावर कुणीतरी बादली ओतली. मासळीवाली हाक देत गेली. मी आणखी थांबले.

कडी सरकली नाही.